दोन सीटच्या गाडीचे मालक

दसरा, सकाळी नऊ. स्थळ: आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं पार्किंग. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, त्यांच्या सौभाग्यवती, दुसऱ्या मजल्यावरचे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार, वॉचमन, माझा नवरा आणि मी, म्हणजे सोसायटीची सचिव. गैरहजर: आमची मुलगी. तिनं बंगळुरूहून फोनवर "बाबा बरा आहे ना?" एवढंच विचारून हजेरी लावली. याखेरीज हजर: एक मोटार.

मोटार आदल्या संध्याकाळी टेम्पोतून आली होती. दोन सीट, छप्पर नाही, लांब नाक आणि त्यावर चामड्याचा पट्टा. इंग्रज लोक असल्या गाड्या शर्यतीसाठी बनवत आणि हौसेसाठी विकत. ही सोनेरी रंगाची होती. वरातीच्या घोड्याच्या झुलीवर असतो तो सोनेरी. जिथं तो उडाला होता तिथं पांढरा, पांढऱ्याखाली पिवळा, आणि पिवळ्याखाली नवऱ्यानं नखानं खरवडून काढलेला गडद हिरवा. सीटवर कोंबडीची पिसं होती. नवऱ्यानं त्या सगळ्यावर झेंडूचा हार चढवला, हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. पाण्याचे चार थेंब अध्यक्षांच्या पायजम्यावर उडाले. ते काही बोलले नाहीत, म्हणजे बोलणार होते.

"गाडी छान आहे," ते म्हणाले. "कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच की," नवरा म्हणाला.

"तसं नाही. पुस्तकावर कुणाच्या नावावर आहे?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी फुलांच्या पुडीकडं बघितलं. पार्किंगमध्ये फक्त सभासदाच्या स्वतःच्या नावावर असलेलं वाहनच उभं राहील, हा नियम माझा. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आपल्या मेहुण्याची जीप वर्षभर आमच्याकडं ठेवून गेले तेव्हा मी तो लिहिला होता, वाचून दाखवला होता आणि एकमतानं मंजूर करून घेतला होता. अध्यक्षांना तो पाठ होता.

"दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत द्या," मी म्हणाले.

"तुम्ही म्हणताय म्हणून," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर नियम म्हणजे नियम, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो."

अशा रीतीनं कामाला सुरुवात झाली. नवऱ्यानं कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली होती आणि ही गाडी सुटी सुटी करून पुन्हा जोडणं हे त्याचं उरलेल्या आयुष्याचं काम होतं. कागद हे माझं. आमच्या घरात ही विभागणी पहिल्यापासून आहे. त्याला नट-बोल्ट समजतात, मला माणसं ताळ्यावर आणता येतात.

आरटीओत गेले. खिडकीतल्या माणसानं नंबर घेतला, बराच वेळ आत गेला आणि आला तो मिश्कील चेहऱ्यानं. गाडी एका बाईंच्या नावावर होती. पत्ता शनिवार पेठेतला. त्यानंतर नाव कधी बदललंच नव्हतं. म्हणजे पुढं ज्यांनी ज्यांनी ही गाडी घेतली, त्यांनी पैसे दिले, चावी घेतली आणि घरी गेले.

"मालकीणबाईंची सही आणा," तो म्हणाला. "विकणाऱ्याच्या जागी."

"त्या आता असतील का?"

"नसतील तर वारसांची आणा. सगळ्या वारसांची. मुलगे, मुली, त्यातलं कुणी गेलं असेल तर त्यांची मुलं." मग मला धीर द्यायला म्हणाला, "त्यापेक्षा त्या असाव्यात अशी प्रार्थना करा."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "बाईंच्या नावावर? त्या काळात? अगं, मग राणीसाहेबच. कुठल्यातरी संस्थानच्या."

"शनिवार पेठेत?"

"उतरत असतील पुण्यात."

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या गाडीच्या मालकाला विचारा, त्याची गाडी संस्थानिकाची असते. संस्थानं होती किती आणि गाड्या किती, हा हिशेब कुणी करत नाही. दोनच दिवसांत सोसायटीत "राणीसाहेबांची गाडी" असं सुरू झालं आणि शिरस्तेदार येता-जाता तिला नमस्कार करायला लागले. चेष्टेनं की खरोखर, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

शनिवार पेठेतल्या त्या पत्त्यावर आता सहामजली इमारत आहे आणि तिच्यात स्पर्धा परीक्षांचे क्लास चालतात. दारातल्या मुलाला विचारलं, इथं पूर्वी कोण राहायचं? "इथं कोणी राहत नाही मॅडम," तो म्हणाला, "सगळे अभ्यास करतात." तेव्हा पुढून जाता येईना म्हणून मागून निघाले. ज्याच्याकडून आम्ही घेतली त्याच्यापासून.

ते कात्रजचे. गाव पालिकेत गेलं, शेतात इमारती आल्या आणि शेतकऱ्याचे बिल्डर झाले, त्यातले. ऑफिसात काचेचं टेबल, मागं थोरल्या आबांचा फेट्यातला फोटो. माणूस मोकळा.

"गाडी आबांची हाय ताई. मी जल्मलो तवापास्नं ती कोंबड्यांच्या खुराड्यातच. पण लग्नात काढायचो बरं का. आमच्या भावकीतली समदी लग्नं त्या गाडीतच झाली. सोनेरी रंग आबांनी त्यासाठीच दिला."

"चालायची?"

"चालवायची कशाला? दोनच शिटा. एकीवर नवरा, एकीवर नवरी. चालवणाऱ्याला जागाच न्हाई. मग आम्ही मागनं ढकलायचो. पुढं ब्यांड, मागं आम्ही. लई मजा. इंजिनचं कामच न्हाई पडलं कधी."

हे मी घरी सांगितलं तेव्हा नवरा उठून गॅलरीत गेला.

"आणि कागद?" मी कात्रजकरांना विचारलं.

"कागद का? ते पानशेतात गेलं असतील."

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं ते एकसष्ट साली. यांच्या आबांनी गाडी घेतली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तीही कात्रजच्या चढावर, जिथं पुराचं पाणी यायला नदीनं वाट सोडून घाट चढायला हवा होता. पण पुण्यात याला कुणी हरकत घेत नाही. या शहरात जुनं काही सापडत नसलं की ते पानशेतात गेलेलं असतं. आजोबांची सनद, मावशीच्या पाटल्या, वाटणीपत्र, मॅट्रिकचं प्रमाणपत्र. माझ्या स्वतःच्या आत्याचा एक प्रेमभंग पानशेतात गेलेला आहे. ज्या घरांत पाणी खरंच शिरलं ती माणसं त्याबद्दल फारशी बोलत नाहीत. बाकीच्यांची सोय झाली.

आबांनी गाडी घेतली होती सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडून. दवाखाना आता मुलगा चालवतो. डॉक्टर आतल्या खोलीत पेपर वाचत बसतात आणि पेशंटचं ओरडणं ऐकू आलं की मुलाला "हळू" म्हणतात.

"ती गाडी? घेतली होती. लग्नासाठी," ते म्हणाले.

"वरातीला?"

"मी कात्रजचा वाटतो का? मुलगी बघायला. तेव्हा नवा नवा दवाखाना होता, म्हटलं जरा छाप पडेल. पांढरा रंग दिला. मुलगी आली होती वडिलांबरोबर, तिच्या मामाकडं, नारायण पेठेत. पसंत पडली. निघताना मी म्हटलं, चला, सोडतो स्टेशनवर. बाहेर आल्यावर लक्षात आलं, सीट एकच रिकामी."

"मग?"

"मग वडीलधाऱ्यांचा मान. वडिलांना नेलं. मुलगी बसनं आली."

"लग्न झालं?"

"झालं ना. दुसरीशी. तिला रिक्षानं सोडली होती." आतून डॉक्टरांच्या बायकोचा आवाज आला, "अजून तेवढ्याच उपकारावर जगतेय." डॉक्टरांनी पेपरचं पान उलटलं.

कागदांचं विचारलं. "पानशेतात गेले."

"डॉक्टर, तुम्ही गाडी त्यानंतर दहा-बारा वर्षांनी घेतलीत."

"मग ज्याच्याकडून घेतली त्याचे गेले असतील. तुम्ही वकील आहात का?"

"सोसायटीची सचिव."

"त्यापेक्षा वकील बरा," म्हणाले, आणि मंडईतल्या एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याचा ठिकाणा दिला.

व्यापारी गेले, त्यांचे चिरंजीव आहेत. सत्तरीचे, मंडईजवळ राहतात, आवाज अजून गाळ्यावर बसल्यासारखा. त्यांच्या वडिलांनी गाडी पिवळी केली होती, कारण हिरवी गाडी त्यांच्या आईला अशुभ वाटत होती. वडिलांना चालवता येत नव्हती. एका सीटवर ड्रायव्हर, दुसऱ्या सीटवर वडील, मागच्या डिकीवर कांद्याचं पोतं. शर्यतीच्या गाडीचं हे तिसरं आयुष्य मी नवऱ्यापासून काही दिवस लपवून ठेवलं.

"वडिलांनी कुणाकडून घेतली?"

"एक प्रोफेसर होते. गणिताचे. पण गाडी त्यांची नाही, त्यांच्या मिसेसची. सासऱ्यांनी दिलेली. कँपातला एक गोरा साहेब स्वातंत्र्यानंतर विलायतेला निघाला, त्याच्याकडून त्यांनी घेतली होती. बाई स्वतः चालवायच्या, जोरात. मी लहान होतो, पण आठवतंय. आम्ही मुलं रस्त्याच्या कडेला पळायचो." ते थांबले. "वडील म्हणायचे, सही नंतर देतो म्हणाले प्रोफेसर. मग महिन्याभरात पूर आला. आमचं घर तेव्हा नदीच्या बाजूला, ओंकारेश्वराजवळ. सगळं पाण्यात. गाडी तेवढी वाचली, ती आमच्या ओळखीच्यांच्या मळ्यात उभी होती. नंतर सहीचं काढलं की वडील म्हणायचे, जाऊ दे. त्यांच्या घराकडं जायचं नाही. का ते काही सांगितलं नाही."

मला तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एवढंच होतं की बाई सापडल्या, आणि राणीसाहेब नाहीत.

"आहेत का त्या?"

"दोघं आहेत. सदाशिव पेठेत फ्लॅट आहे. सर परवाच बँकेत दिसले, ठणठणीत." मग त्यांनी कपाटातून एक फोटो काढून दिला. दसऱ्याचा. हार घातलेली गाडी, शेजारी त्यांचे वडील कोट-टोपीत, समोर चड्डीतले स्वतः. "ठेवा तुम्ही. त्यांनाही दाखवा. आनंद होईल."

असं मलाही वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी गेले. फ्लॅट पहिल्या मजल्यावर. सर नव्वदी पार केलेले, ताठ, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. काकू त्यांच्याहून थोड्या लहान, बारीक, हातात शब्दकोडं. मी ओळख सांगितली, पेढे दिले, बसले आणि कामाची माणसं जसं बोलतात तसं सरळ सुरू केलं.

"काकू, तुमच्याकडं एक दोन सीटची गाडी होती. हिरवी."

काकूंनी कोडं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला म्हटलं तर खोटं वाटेल, पण हात झाले. दोन्ही हात वर आले, स्टिअरिंगवर असल्यासारखे. "तुम्हाला कुणी सांगितलं? अहो, ऐकलंत का? हिरवी गाडी म्हणतायत त्या. काय पळायची. खंडाळ्यापर्यंत नेली होती मी. हे शेजारी बसायचे, डोळे मिटून."

"डोळ्यांत धूळ जायची," सर म्हणाले.

"कॉलेजातली मुलं ह्यांना पॅसेंजर म्हणायची. फळ्यावर लिहून ठेवायची. आम्ही इतके हसलो होतो." त्या पुन्हा हसल्या. सर हसले नाहीत. "पण गेली हो. पानशेतात गेली."

आणि इथं माझी चूक झाली. पुण्याची सवय. कात्रजकर तेच म्हणाले, डॉक्टर तेच म्हणाले, त्यामुळं मी त्याकडं लक्षच दिलं नाही. मी हसून म्हणाले, "हो, कागद सगळ्यांचेच गेले काकू. पण गाडी आमच्याकडं आहे. नवऱ्यानं घेतलीय. हा बघा तिचा फोटो, तुमच्यानंतरच्या मालकांकडचा."

सरांना खोकला आला. मी पाण्याचा पेला पुढं केला. काकूंनी चष्मा पुसला आणि फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला. बराच वेळ बघितला. गाडीचा नंबर स्पष्ट होता. पण त्यांचं बोट नंबरावर नव्हतं. गाडीच्या मागं भिंत होती आणि त्या भिंतीवर, व्यापाऱ्याच्या टोपीच्याही वर, एक आडवी रेघ होती. खाली काळपट, वर पांढरी. मला ती भिंतीची ओल वाटली होती. त्या पिढीच्या माणसांना ती रेघ काय आहे ते सांगावं लागत नाही.

"ही पुराची रेघ," काकू म्हणाल्या. "म्हणजे हा त्यानंतरचा दसरा." मग अगदी शांतपणे, "अहो, गाडी वाळली कधी?"

"दुसरी असेल," सर म्हणाले.

"नंबर तोच आहे."

"नंबर सारखे असू शकतात."

"गणित शिकवलंत तुम्ही. तीस वर्षं."

सर पाणी प्यायले. मी पेढ्यांच्या खोक्याची दोरी गुंडाळत बसले. उठून जावं तर सही राहते, बसावं तर कुठं बघावं ते कळेना.

काकूच मला सांगू लागल्या, सरांकडं न बघता. त्या तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होत्या, नाशिकला. पुराची बातमी तिथं कळली. बाळ घेऊन परत आल्या तेव्हा नदीकाठच्या गॅरेजच्या जागी चिखल होता. शेजारच्या घरातली आजी गेलेली, समोरच्यांचं घरच नाही, लोक शाळेत राहत होते. सर म्हणाले, गाडी वाहून गेली. "मला रडायला येत होतं," काकू म्हणाल्या, "पण लोकांची घरं गेलेली, माणसं गेलेली. मोटारीसाठी रडायचं म्हणजे लाज वाटायला हवी, असं हे म्हणाले. मलाही वाटली. मग मी रडले नाही. पुन्हा गाडी घेऊ असं कधी तोंडातून काढलं नाही. काढायची वेळ आली की त्या समोरच्या घराची आठवण यायची." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "इतकी वर्षं मला त्याची लाज वाटतेय."

सर खिडकीबाहेर बघत होते. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

मी व्यवहारी बाई आहे. माझ्या पिशवीत फॉर्म होता आणि त्यावर काकूंच्या सहीची चौकट होती. मी तो काढावा की नाही असा विचार करत असतानाच त्याच म्हणाल्या, "तुम्ही सहीसाठी आला असाल."

"घाई नाही," मी खोटं बोलले. पाडवा जवळ आला होता.

"करते की सही. गाडी तुमच्या मिस्टरांनी घेतलीय, त्यांची होऊ दे. माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी ह्यांनी सांगायचं. स्वतःच्या तोंडानं. गाडी कुठं गेली."

"काय सांगायचं त्यात?" सर म्हणाले.

"कुठं गेली?"

"पाण्यात."

"मग पाण्यातल्या गाडीची सही कशी देऊ?" काकू म्हणाल्या, आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?"

त्यानंतर मी दर गुरुवारी जाते. चहा असतो, कधी थालीपीठ असतं. काकू मला गाडीबद्दल विचारतात. हिरवा रंग पुन्हा देणार का, क्लच अजून घट्ट आहे का, पट्टा जुनाच आहे का. नवऱ्यानं मोबाइलवर काढलेले फोटो मी दाखवायला गेले तर म्हणाल्या, "नको. ह्यांनी सांगितल्यावर बघेन." मग नेहमीचा प्रश्न होतो आणि नेहमीचं उत्तर येतं. फक्त तपशील बदलतो. एकदा सर म्हणाले, पूर्वीचं नीट आठवत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी मला लग्नातल्या जेवणाचे पदार्थ वाढण्याच्या क्रमानं सांगितले. एकदा म्हणाले, पाणी आलं होतं हे तर खरं ना? काकू म्हणाल्या, "पाणी आलं होतं. गाडी कुठं होती?" सरांनी मिठाचा डबा मागितला.

घरी नवरा रोज सरांच्या तब्येतीची चौकशी करतो. पहिल्यांदा मला वाटलं माणुसकी आहे.

"आणि काही बरंवाईट झालं तर?" तो म्हणाला. "मग काकू सही करतील की नाही?"

"बरंवाईट व्हायचं लक्षण नाही. ते रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालतात."

"मी आपलं सहज विचारलं."

आरटीओबाहेरच्या एजंटलाही त्यानं गाठलं. एजंट मला म्हणाला, "मॅडम, नव्वदीतल्या माणसाची सही कोण ताडून बघतंय? आपण करू. तासाभराचं काम." नवरा माझ्याकडं आशेनं बघत होता. मी दोघांनाही सांगितलं, ही गाडी एकदा त्या बाईंच्या सहीशिवाय विकून झालेली आहे, पुन्हा होणार नाही. एजंटला ते कळलं नाही. नवऱ्याला कळलं, आणि त्यानं तिथून काढता पाय घेतला. त्याबद्दल त्याला मी मार्क देते.

पाडवा झाला. अध्यक्ष काही बोलायच्या आत मीच सोसायटीच्या कागदावर रीतसर नोटीस लिहिली, विषय: विनामालकी वाहन हटवणेबाबत, खाली सचिव म्हणून सही केली आणि सकाळच्या चहाबरोबर नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली. "जावक क्रमांक राहिला," म्हणाला. तो घालून दिला. मग वॉचमन, शिरस्तेदार आणि तो अशा तिघांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. कात्रजची आठवण झाली, पण मी ती त्या वेळी काढली नाही. आता ती रस्त्यावर, कडुलिंबाखाली, ताडपत्रीत उभी आहे. तिथून पालिकेची उचलगाडी केव्हाही नेऊ शकते, आणि नेली तर सोडवायला मालकाचीच सही लागेल.

गेल्या गुरुवारी गेले तेव्हा काकू आत पोहे करत होत्या. सर माझ्याकडं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीच का नाही सांगत तिला?"

"तिला माहीत आहे सर. फोटोत आहे सगळं."

"मग मी वेगळं काय सांगायचं?"

"तेच."

त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. "त्या मुलांनी फळ्यावर लिहायचं. रोज. मी पुसायचो आणि शिकवायला लागायचो. ती घरी हसायची, म्हणायची, काय छान नाव आहे. तिला वाटायचं मीही हसतोय."

"हे सांगा त्यांना."

"हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"म्हणूनच सांगा."

काकू पोहे घेऊन आल्या. बशा ठेवल्या, खोबरं घातलं, लिंबाची फोड सरांच्या बशीत ठेवली आणि समोर बसून त्यांच्याकडं बघितलं. या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. सरांनी चमचा उचलला, परत ठेवला. तोंड उघडलं. मी पिशवीतलं पेन हाताला लागतंय का ते बघितलं.

"मीठ कमी आहे," सर म्हणाले.

काकूंनी मीठ आणून दिलं. मी पोहे संपवले, चहा प्यायले आणि निघाले. जिन्यात थांबून फॉर्म प्लास्टिकच्या पाकिटात परत सरकवला. माझ्या नवऱ्याचं नाव, नंबर, पत्ता, सगळं नीट भरलेलं आहे. विकणाऱ्याच्या सहीची चौकट रिकामी आहे.